लोखंडी आंगठीचा कवि

वैद्यांनीं धंद्यांत पाऊल टाकण्यापूर्वीं शपथ घेण्याची चाल प्राचीन ग्रीक लोकांपासून प्रसिद्ध आहे. कॅनडा देशांतील इंजिनियर शिक्षण संपतांना जी प्रतिज्ञा करितात, तिचें वय मात्र अवघें शंभर वर्षांचें आहे. ती ज्यांनीं रचली ते गृहस्थ इंजिनियर नव्हते. ते कवि व कथालेखक होते, आणि त्यांचा जन्म आपल्या मुंबईंत झाला होता. त्या रुडयार्ड किपलिंग यांचें चरित्र या एका दृष्टीनें वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

किपलिंग यांचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजीं झाला. त्यांचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग हे मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत शिल्पकला शिकवीत असत. आया व नोकरचाकर यांच्या सहवासांत बाळ रुडयार्ड इंग्रजीपेक्षां हिंदुस्थानी अधिक सहज बोले. १८७१ सालीं, वयाच्या सहाव्या वर्षीं, त्यास धाकट्या बहिणीसह विलायतेस परक्या घरीं ठेवण्यांत आलें. तेथील सहा वर्षें अत्यंत दुःखाचीं गेलीं. पुढें १८८२ मध्यें, सतरावें वर्ष पुरें होण्याच्या आंतच, ते हिंदुस्थानांत परतले व लाहोर येथील एका वृत्तपत्रांत कामास लागले.

या सात वर्षांच्या वास्तव्यांत त्यांनीं रेल्वे, पूल व कालवे बांधणारीं माणसें जवळून पाहिलीं. त्याचें फळ म्हणजे १८९३ सालची ‘द ब्रिज बिल्डर्स’ ही कथा. गंगेवरील पूल पुरा होत आला असतां अकालीं महापूर येतो. त्या रात्रीं मुख्य इंजिनियरास लोकनिंदेहूनही आपल्या गणिताची धास्ती अधिक वाटते. खांबांचें आपलें मोजमाप बरोबर होतें कीं नाहीं, या एकाच प्रश्नानें तो व्याकुळ होतो. पूल तगतो; पण त्या धास्तीचें चित्र वाचकाच्या मनांतून जात नाहीं.

१९०७ हें साल किपलिंग यांच्या आयुष्यांत विशेष ठरलें. त्याच वर्षीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. लूककृत शुभवर्तमानांतील मार्था व मरीया या बहिणींच्या कथेवर आधारलेली ‘द सन्स ऑफ मार्था’ ही कविताही त्याच वर्षींची. जगाचें ओझें मुकाट्यानें वाहणारे श्रमिक हे मार्थेचे वंशज, अशी तिची कल्पना आहे. त्याच वर्षीं २९ ऑगस्ट रोजीं कॅनडांत सेंट लॉरेन्स नदीवर बांधला जात असलेला क्वेबेकचा पोलादी पूल कोसळून ७५ कामगार प्राणांस मुकले. पुलाचा मुख्य गाळा १६०० फुटांवरून १८०० फुटांवर नेला होता. परंतु वाढलेल्या वजनाचा हिशेब वेळींच नव्यानें केला नव्हता. तुळया वांकूं लागल्याचें कामावरील माणसांस दिसलेंही होतें. तथापि काम थांबविण्याची सूचना पुलावर वेळेंत पोंचली नाहीं.

आठ वर्षांनीं किपलिंग यांच्या घरावरच घाला पडला. त्यांचा एकुलता एक मुलगा जॉन दृष्टि अधू म्हणून सैन्यांत नाकारला गेला होता. बापानें आपली ओळख खर्चून त्यास आयरिश गार्ड्स पलटणींत जागा मिळवून दिली. सप्टेंबर १९१५ मध्यें लूस येथील लढाईंत तो अठराव्या वर्षीं पडला. बापाच्या हयातींत त्याचें प्रेत ओळखूं आलें नाहीं. जें एकदां होऊन गेलें तें कोणत्याही पश्चात्तापानें परत फिरत नाहीं, हें किपलिंग यांस यापुढें कोणी शिकवावयास नको होतें.

२५ जानेवारी १९२२ रोजीं मॉन्ट्रियल येथें इंजिनियरांची सभा भरली. टोरोंटो विद्यापीठांतील खाणशास्त्राचे प्राध्यापक हर्बर्ट हॉल्टेन यांनीं तींत सुचविलें कीं, नव्या इंजिनियरांस एका प्रतिज्ञेनें बांधावें. सभेस हजर असलेल्या सात माजी अध्यक्षांनीं ही कल्पना उचलून धरली. हॉल्टेन यांनीं किपलिंग यांस पत्र लिहिलें, व त्यांनीं आनंदानें संपूर्ण विधि रचून पाठविला. २५ एप्रिल १९२५ रोजीं मॉन्ट्रियल येथें कांहीं इंजिनियरांनीं प्रथम ती प्रतिज्ञा केली.

विधि खासगी असतो. तेथें टाळ्या नाहींत, वर्तमानपत्रांचे बातमीदारही नाहींत. थंड लोखंडास हात लावून उमेदवार सांगतो कीं, निकृष्ट काम व सदोष माल मी जाणूनबुजून पुढें जाऊं देणार नाहीं. आपल्या हातून चुका होणारच, हें कबूल करून तो त्यांबद्दल आधींच क्षमा मागतो. आम्हांस या प्रतिज्ञेचें मर्म येथें दिसतें. जो आपणांस अचूक समजतो तो गणित पुन्हां तपासावयास बसत नाहीं. नंतर काम करणाऱ्या हाताच्या करंगळींत लोखंडाची खडबडीत आंगठी घालतात. हल्लीं ती बहुधा न गंजणाऱ्या पोलादाची असते. पहिल्या आंगठ्या कोसळलेल्या क्वेबेक पुलाच्या लोखंडाच्या होत्या, ही दंतकथा मात्र खरी नव्हे. पुढें १९७० सालीं अमेरिकेंतही अशाच आंगठीचा व प्रतिज्ञेचा प्रघात सुरू झाला.

किपलिंग १८ जानेवारी १९३६ रोजीं निवर्तले. त्यांच्या अस्थि वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें आहेत. हिंदुस्थानावर इंग्रजांचेंच राज्य असावें, हें त्यांचें मत आम्हांस मुळींच मान्य नाहीं, व त्यांच्या लेखनांतील तो दोष आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. परंतु मुंबईच्या या पुत्रानें एक चांगली गोष्ट मागें ठेविली, हेंही सांगितलें पाहिजे.

विद्यार्थीमित्रहो, परीक्षेंत तुमचें गणित चुकलें तर चार गुण जातात, आणि पुढील वर्षीं ते भरून निघतात. तुमच्यापैकीं जे पुढें पूल, इमारती व यंत्रें उभारतील त्यांस ही सवलत नाहीं. कॅनडांतील इंजिनियर नकाशा काढूं लागला कीं करंगळींतील आंगठी कागदावर घासते. आपल्याकडे ती आंगठी नसेना का. बेरीज पुन्हां एकदां पडताळून पाहण्यास ती लागतेच असें नाहीं.