चोखामेळा
संत चोखामेळा (मृत्यू : इ.स. १३३८, मंगळवेढे) हे वारकरी संप्रदायातील संतकवी होते. संत नामदेव हे त्यांचे गुरू मानले जातात. महार जातीत जन्मल्यामुळे त्यांना पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात प्रवेश नव्हता.

देव आणि त्याचे नाम यांत वारकरी परंपरा भेद मानत नाही. नामस्मरणास पुरोहित, सोवळे किंवा गाभारा लागत नाही. त्यामुळे महाद्वाराबाहेर उभ्या असलेल्या चोखोबांसाठी विठ्ठलनाम हेच दर्शन ठरले. मात्र या नामनिष्ठेसोबतच जातीमुळे वाट्याला आलेल्या अवहेलनेची वेदना आणि त्याबद्दल देवाला विचारलेला जाबही त्यांच्या अभंगांत आढळतो. पत्नी सोयराबाई, पुत्र कर्ममेळा, बहीण निर्मळा आणि मेहुणा बंका यांनीही अभंगरचना केली.

मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम चालू असताना ते कोसळले आणि इतर मजुरांबरोबर चोखोबाही त्याखाली गाडले गेले. आख्यायिकेनुसार, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून ओळखून नामदेवांनी पंढरपुरास आणल्या. तेथे महाद्वारासमोर त्यांची समाधी आहे. पुढे १९४७ मध्ये साने गुरुजींच्या उपोषणानंतर हे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांसाठी खुले झाले.