दोर वळणारा इंजिनियर : जॉन रोबलिंग

आपल्या मराठवाड्यात दोराशी संबंध आला नाही असा माणूस सापडणे कठीण. ज्यांच्या घरी मोट होती त्यांना नाडा माहीत आहे, बैल आहेत त्यांना कासरा आणि दावे माहीत आहे. केकताडाचा वाख काढून दोर वळणारी जुनी माणसे आजही काही गावांत भेटतील. आता मोटा गेल्या, पण दोर गेला नाही. विहिरीचे खोदकाम चालू असले की यारीच्या वायररोपला दगडाने भरलेली बादली लटकत असते आणि खाली माणसे उभी असतात. पावसाळ्यात कंधार, मुखेड, अहमदपूर, उदगीरच्या काळ्या रानात जीप नाहीतर ट्रॅक्टर फसला की पुन्हा दोरच लागतो. आता तर जीपच्या पुढे विंच बसवून घेणारेही दिसतात, आणि त्यांच्यात वाद असतो तो हा की विंचवर स्टीलचा दोर बरा की नवीन आलेला सिंथेटिक?

हा वाद ऐकला की मला एका माणसाची आठवण येते. तो वारला १८६९ साली. आपण सगळे त्याला ब्रुकलिन ब्रिजचा इंजिनियर म्हणून ओळखतो. पण पुलाच्या आधी तो दोरवाला होता, आणि त्याच्या काळातही हाच वाद होता, फक्त उलटा. तेव्हा वाखाचा दोर जुना होता आणि तारेचा दोर नवीन.

जॉन ऑगस्टस रोबलिंगचा जन्म १२ जून १८०६ रोजी प्रशियातल्या म्यूलहाउझेन या गावी झाला. बर्लिनला जाऊन त्याने बांधकाम, पूल आणि जलशास्त्र यांचे शिक्षण घेतले. नंतर काही वर्षे सरकारी रस्त्यांवर नोकरी केली. डोक्यात मात्र झुलते पूल होते, आणि सरकारी खात्यात नवीन काही करायचे म्हणजे कागद वर जाणार आणि तिथेच राहणार. हा अनुभव आपल्याकडे कुणाला नवीन नाही! शेवटी १८३१ मध्ये भाऊ कार्ल आणि गावाकडचे काही लोक बरोबर घेऊन त्याने अमेरिका गाठली. पेनसिल्व्हेनियात जमीन घेतली, सॅक्सनबर्ग नावाचे गाव वसवले आणि हा शिकलेला इंजिनियर चक्क शेती करू लागला.

शेती काही जमली नाही. १८३७ मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी थोरला मुलगा वॉशिंग्टन जन्मला. संसार तर चालवायचा होता. मग रोबलिंग पुन्हा आपल्या मूळ विद्येकडे वळला आणि कालवे व रेल्वेच्या मोजणीच्या कामावर लागला. तिथे त्याने अ‍ॅलेगेनी पोर्टेज रेलरोड पाहिला.

ही रेल्वे म्हणजे एक अजब प्रकार होता. १८३४ मध्ये सुरू झालेला हा सुमारे ५८ किलोमीटरचा मार्ग डोंगर ओलांडण्यासाठी होता. एका बाजूचा कालवा डोंगराशी संपायचा आणि दुसरा पलीकडे सुरू व्हायचा. मधल्या १० उतारांवर वाफेच्या इंजिनांनी दोर ओढून गाड्या वर चढवायच्या आणि पलीकडे उतरवायच्या. पुढे पुढे त्या गाड्यांवर चक्क होड्यासुद्धा लादल्या जात. म्हणजे विचार केला तर प्रत्येक उतार हा एक प्रचंड विंचच होता. दोर होते वाखाचे, मनगटापेक्षा जाड. ते पावसाने भिजत, कुजत, घासून पिंजत. बदलायला खर्च फार, आणि तुटले की गाडी सरळ खाली. त्यात माणसे मेली.

जर्मनीत क्लाउस्थालच्या खाणीत विल्हेल्म आल्बर्ट नावाच्या अधिकाऱ्याने १८३४ मध्येच लोखंडी तारांचा दोर वापरात आणला होता. तारांचे दोर करता येतात हे रोबलिंगला माहीत होते. १८४१ मध्ये त्याने सॅक्सनबर्गच्या मोकळ्या मैदानात शेजारच्या शेतकऱ्यांना हाताशी धरून तारेचा दोर वळायला सुरुवात केली. कारखाना नाही, शेड नाही. आपल्याकडे रानात चऱ्हाट वळतात, त्यातलाच प्रकार. १८४२ मध्ये त्याला त्याचे पेटंट मिळाले.

वाखाचे दोर विकणाऱ्यांना हे कसे आवडणार? पहिल्या चाचणीच्या वेळी कुणीतरी दोर गुपचूप अर्धवट कापून ठेवला आणि तो तुटला, असे सांगतात. रोबलिंगने नुसता वाद घातला नाही. दुसरा दोर लावला आणि तो टिकवून दाखवला. हळूहळू पोर्टेजच्या उतारांवर तारेचे दोर आले. मागणी वाढली, तेव्हा १८४९ च्या सुमारास त्याने कारखाना न्यू जर्सीतल्या ट्रेंटनला नेला.

दरम्यान पुलांची मालिकाही सुरू झाली होती. आधी पिट्सबर्गचा कालवा-पूल, मग डेलावेअर नदीवरचा. हा दुसरा आजही उभा आहे. १८५५ मध्ये नायगारावर २५० मीटर गाळ्याचा झुलता पूल झाला आणि त्यावरून रेल्वे गेली. झुलत्या पुलावरून रेल्वे जाऊच शकत नाही, असे त्या काळातले मोठमोठे इंजिनियर म्हणत. आदल्याच वर्षी व्हीलिंगचा झुलता पूल वाऱ्यात मोडून पडला होता, त्यामुळे त्यांची भीती खोटी नव्हती. रोबलिंगने आपला पूल जड केला, ताठ केला, जागोजाग ताण दिले. तो पूल चार दशके चालला. पुढे सिनसिनाटीचा पूल झाला आणि मग आला ब्रुकलिन.

इथे मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगतो. ब्रुकलिनच्या दोरांसाठी त्याने लोखंड सोडून पोलाद निवडले. त्या काळी पुलासाठी ही मोठी उडी होती. पण नवीन वस्तू घेताना त्याने ताकदीचा हिशोब गरजेच्या ६ पट ठेवला. आपण फॅक्टर ऑफ सेफ्टी परीक्षेत एक आकडा म्हणून लिहितो आणि विसरतो. रोबलिंगसाठी तो आकडा म्हणजे जे आपल्याला आज दिसत नाही, त्याची केलेली तरतूद होती.

आणि ती कामाला आली. पण ते पाहायला तो स्वतः राहिला नाही. जून १८६९ मध्ये धक्क्यावर उभे राहून जागेची पाहणी करताना फेरीबोट येऊन आदळली आणि त्याचा पाय लाकडांत चेंगरला. बोटे कापावी लागली. त्याचा डॉक्टरांपेक्षा पाण्याच्या उपचारावर विश्वास. जखमेवर पाणी सोडत राहिला. धनुर्वात झाला आणि २२ जुलै १८६९ ला तो गेला. पुलासाठी ६ पट तरतूद ठेवणाऱ्याने स्वतःच्या पायासाठी काहीच ठेवली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

काम मुलाने, वॉशिंग्टनने, हाती घेतले. नदीच्या तळाशी दाबाच्या हवेत काम करून तोही अंथरुणाला खिळला आणि त्याची पत्नी एमिलीने साइट आणि त्याच्यामधला दुवा होऊन काम पुढे नेले. जून १८७८ मध्ये एका पेडाला धरून ठेवणारा वायररोप तुटला. पेड सुटून झेपावला आणि त्यात माणसे दगावली. त्याच साली कळले की तारेचा ठेकेदार चाचणीत पास झालेली तार वाटेतच बदलून निकृष्ट तार पाठवत होता. तोपर्यंत बरीच तार दोरात बसलेली. काढता येईना. तेव्हा प्रत्येक दोरात सुमारे १५० तारा जास्त घातल्या आणि हिशोब केला, तर ताकद ६ पटीवरून ५ पटीच्या आसपास आली होती. म्हणजे पूल सुरक्षितच होता. २४ मे १८८३ ला तो खुला झाला आणि आजही वापरात आहे. बापाने ठेवलेली तरतूद चोरीलाही पुरून उरली.

आता आपल्या विंचकडे येऊ. आज वाद उलटा झाला आहे. स्टील जुने झाले आणि धागा परत आला. पण हा धागा वाखाचा नाही. तो अतिशय लांब साखळीच्या पॉलिथिलीनचा आहे, डायनीमा वगैरे नावांनी मिळतो. साधारण साडेनऊ मिलिमीटरचा ३० मीटर स्टील दोर ११ किलोच्या आसपास भरतो. तेवढाच सिंथेटिक दोर दीड-दोन किलो, आणि ताकदीला स्टीलपेक्षा कमी नाही. पाण्यावर तरंगतो. हाताला तारेची कुसळे टोचत नाहीत. आणि मुख्य म्हणजे तुटला तर स्टीलसारखा चाबूक होऊन फिरत नाही, कारण त्याचे स्वतःचे वजन कमी. हुक मात्र उडू शकतो, हे विसरायचे नाही.

मग स्टील टाकून द्यायचे का? रोबलिंगने घाई केली नसती असे मला वाटते. त्याने आधी विचारले असते की हा दोर कशाने मरतो. सिंथेटिक मरतो तो घासण्याने, उन्हाने, उष्णतेने आणि पेडांत शिरलेल्या मातीच्या कणांनी. तो साधारण १५० अंशाला वितळतो आणि त्याच्या बराच आधी कमजोर होतो. काही विंचचा ब्रेक ड्रमच्या आतच असतो, तिथे तो तापतो. स्टील मरते ते गंजाने, मुरड पडल्याने आणि आतल्या तारा एकेक तुटल्याने.

म्हणून माझे मत असे. चिखलात अधूनमधून जीप काढायची असेल आणि दोर दरवेळी धुऊन, सावलीत ठेवण्याची सवय असेल, तर सिंथेटिक घ्या. पण स्टीलने खरवडलेले जुने रोलर तसेच ठेवू नका, ते नवीन दोर कापतील. यारीवर मात्र दोर रोज चालतो, विहिरीच्या काठाच्या दगडाला लागतो, दिवसभर उन्हात असतो. तिथे चांगला स्टील वायररोपच हवा, आणि तोही रोज पाहिलेला. मोबाईल क्रेनसाठी एक रूढ नियम आहे. एका पेडाचा दोराभोवती एक पूर्ण फेरा होतो तेवढ्या लांबीत ६ तारा तुटलेल्या दिसल्या, किंवा एकाच पेडात ३ दिसल्या, की दोर काढून टाकायचा. बाजारातला साधा नायलॉनचा दोर या दोन्हीपैकी कुठल्याच कामाचा नाही.

दोर कुठलाही असो, ओढताना मधोमध ओली गोधडी किंवा गोणपाट टाका, ड्रमवर वेढे शिल्लक ठेवा आणि बघ्यांना दोराच्या रेषेपासून लांब पाठवा. जोर कमी पडला तर दोर ताणत बसू नका, कप्पी लावा. आपल्या काळ्या मातीत फसलेली गाडी तिच्या वजनापेक्षाही जास्त ओढ मागू शकते.

सुट्टीत गावाकडे गेलात आणि कुठे यारी चालू दिसली, तर काम थांबल्यावर दोराच्या त्या तारा जरूर मोजा. मालकाला राग येईल, तो म्हणेल कालपर्यंत काही झाले नाही. पोर्टेजवरचे लोकही वाखाच्या दोराबद्दल असेच म्हणत होते. पण खाली विहिरीत उभ्या असलेल्या माणसाला वर काय चालले आहे ते दिसत नसते. त्याच्या वतीने वर पाहणारा कुणीतरी हवा, आणि आपण त्यासाठीच चार वर्षे शिकतो आहोत.