हत्तीची पेटी आणि दुसरे मत : उमेदवार बाबासाहेबांकडून काय शिकायचे?

निवडणूक जाहीर झाली की छत्रपती संभाजीनगरात एक दृश्य ठरलेले असते. भडकल गेटजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालायला सगळ्याच पक्षांचे उमेदवार येतात. फोटो निघतो, तो संध्याकाळपर्यंत प्रत्येक वस्तीतल्या मोबाईलवर पोहोचतो. दुसऱ्या दिवसापासून रिक्षावरचे भोंगे सुरू होतात, भीमगीतांच्या चालीवर उमेदवाराचे नाव बसवले जाते. मतदानाच्या आदल्या रात्री काय काय वाटले जाते, ते वस्तीत राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

ज्यांच्या पुतळ्याला हा हार घातला जातो, ते स्वतः मते कशी मागत होते? घटनेचे शिल्पकार म्हणून आपण बाबासाहेबांना ओळखतो. बोधिसत्त्व म्हणून वंदन करतो. पण उमेदवार म्हणून ते आपल्याला फारसे ठाऊक नाहीत. १९३७, १९५२ आणि १९५४ या तीन लढतींत ते थेट मतदारांसमोर उभे राहिले. एकदा जिंकले, दोनदा हरले. या तीन निवडणुकांच्या अंगाने त्यांचे आयुष्य पाहिले तर आजच्या मतदारालाही घेण्यासारखे बरेच सापडते.

मत मागण्याआधी मताचा हक्क

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेला भीमराव मोठा झाला तेव्हा या देशात सामान्य माणसाला मत नव्हते. मालमत्ता, कर किंवा शिक्षण असेल त्यालाच मतदार यादीत जागा होती. म्हणजे अस्पृश्य समाज जवळजवळ बाहेरच. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना तरुण आंबेडकरांनी नेमके यावर बोट ठेवले. मताधिकाराची अट खाली आणा आणि आमचे प्रतिनिधी आम्हाला निवडू द्या, अशी त्यांची मागणी होती. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. अशिक्षित माणसाला मत कशाला, असे भले भले विद्वान म्हणत होते. तेव्हा बाबासाहेब त्या माणसाच्या बाजूने उभे होते.

१९३२ चा पुणे करार आपल्याला माहीत आहे. स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि त्याऐवजी प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा आल्या. पण त्या जागांवर अंतिम मतदान सर्व समाजाचे मिळून होणार होते. याचा परिणाम पुढच्या प्रत्येक निवडणुकीवर झाला. आपल्या माणसाने फक्त आपल्या समाजाची मते मिळवून भागणार नव्हते. इतरांपर्यंतही पोहोचावे लागणार होते. बाबासाहेबांच्या राजकारणातली ही सर्वात अवघड गाठ शेवटपर्यंत सुटली नाही.

वर्तमानपत्र, सभा आणि जलसा

लोकांपर्यंत पोहोचण्याची त्यांची तयारी निवडणुकीच्या खूप आधी सुरू झाली होती. ३१ जानेवारी १९२० ला मूकनायक निघाले, १९२७ मध्ये बहिष्कृत भारत आणि १९३० मध्ये जनता. वाचता येणारे थोडे होते, म्हणून एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, अशी रीत पडली. चाळीच्या ओट्यावर, गिरणीच्या सुट्टीत, गावच्या वाड्यात अंक वाचला जाई. एक प्रत कित्येक घरांना पुरे.

जिथे अंकही पोहोचत नव्हता तिथे जलसा पोहोचला. नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारख्या कलावंतांनी तमाशाचा घाट घेतला आणि त्यातला मजकूर बदलला. गणात बाबासाहेबांना वंदन आले. वगात सावकार आला, पाणवठा आला, मुलांना शाळेत घालण्याचा आग्रह आला. कंदिलाच्या उजेडात रात्रभर बसलेली माणसे सकाळी घरी जाताना एखादा विचार घेऊन जात. आपल्या सभांनी होत नाही ते एका जलशाने होते, अशी बाबासाहेबांची या मंडळींबद्दलची भावना होती.

आजच्या प्रचारगाण्याशी याची तुलना करून पाहा. चाल ओळखीची आहे, पण गाण्यात उमेदवाराच्या नावापलीकडे काही आहे का?

१९३७ : क्रिकेटपटूविरुद्ध बॅरिस्टर

१५ ऑगस्ट १९३६ रोजी बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. नाव पाहा. जातीचे नाही, कामाचे आहे. जाहीरनाम्यात शेतकरी, कूळ, गिरणी कामगार आणि कर्जबाजारी माणसाचे प्रश्न होते. एकट्या आपल्या मतांवर पक्ष उभा राहणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. उमेदवारही त्यांनी सर्व जातींतून घेतले.

फेब्रुवारी १९३७ मध्ये ते मुंबईच्या ई आणि एफ वॉर्डातून, म्हणजे भायखळा-परळच्या गिरणगावातून उभे राहिले. समोर काँग्रेसने बाळू पालवणकरांना आणले. हे साधे नाव नव्हते. अस्पृश्य समाजातून आलेले, गोऱ्या संघांना आपल्या फिरकीने नाचवणारे, आपल्या समाजाचाही अभिमान असलेले क्रिकेटपटू होते ते. तरुण वयात बाबासाहेबांनाही त्यांचे कौतुक होते. नावाजलेला चेहरा उभा करून मते फोडायची, ही युक्ती आजची नाही.

बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. म्हणजे लढत अटीतटीची झाली. गिरणगावातल्या कार्यकर्त्यांनी खोली-खोली पालथी घातली नसती तर निकाल उलटा लागू शकला असता. पक्षाने मुंबई प्रांतात १७ उमेदवार उभे केले होते आणि त्यातले बहुतेक निवडून आले.

आणखी एक बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. तेव्हा मुंबई प्रांतात एकापेक्षा जास्त जागांच्या मतदारसंघात मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देता येत होती. अल्पसंख्य समाजासाठी हे मोठे हत्यार होते. सगळी मते एकालाच द्या, हा प्रचार सोपाही होता आणि कायदेशीरही. ही सवय पुढे महागात पडली असावी, असे मला वाटते. ते पुढे येईलच.

निवडून आल्यावर मतदाराला विसरायचे नाही, हेही त्यांनी दाखवले. सप्टेंबर १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ ला कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर नेला. ७ नोव्हेंबर १९३८ ला कामगारांच्या संपाच्या हक्कासाठी एक दिवसाचा संप केला. जाहीरनाम्यात लिहिलेले रस्त्यावर दिसत होते.

मत नसलेल्या मराठवाड्यात

या सगळ्या काळात आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. मुंबई प्रांतातला गिरणी कामगार मत टाकत होता आणि औरंगाबादचा अस्पृश्य माणूस वेठबिगारीत होता. तरीही बाबासाहेब इथे पोहोचले. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नडजवळच्या मक्रणपूर येथे परिषद झाली. तिच्यामागे भाऊसाहेब मोरे यांची धडपड होती. जयभीम हे अभिवादन याच परिषदेतून मराठवाड्यात रुजले, असे इथले जाणते लोक मानतात. विदर्भात याचे श्रेय कामठीच्या बाबू हरदास यांना दिले जाते. श्रेय कोणाचेही असो, एक शब्द उच्चारला की समोरचा आपला आहे हे कळावे, यापेक्षा मोठे प्रचाराचे साधन कोणत्या पक्षाकडे आहे?

मक्रणपूरला जमलेल्या लोकांकडे देण्यासाठी मत नव्हते. त्यांच्याकडून निवडणुकीत काही मिळणार नव्हते. तरी बाबासाहेब आले. आपल्याकडे निवडणुकीपुरते येणाऱ्यांनी ही तारीख लिहून ठेवावी.

१९४८ मध्ये निजामाची राजवट संपली. १९५० च्या जूनमध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय औरंगाबादेत सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची पायाभरणी झाली. पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसर नागसेनवन झाला. खेड्यापाड्यातून अनवाणी आलेली मुले इथे शिकली आणि सुट्टीत गावी जाऊन बाबासाहेब सांगू लागली. मराठवाड्यात चळवळ पोहोचली ती या मुलांच्या पायांनी.

१९५२ : पेटीत हरवलेली मते

१९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. १९४६ च्या निवडणुकीत फेडरेशनचा धुव्वा उडाला. संयुक्त मतदानात बहुसंख्य समाजाची मते ज्याला, तोच राखीव जागेवर निवडून येत होता. बाबासाहेबांना घटना समितीत जायला बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साथीने वाट काढावी लागली. तिथे जाऊन त्यांनी प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत देणारी घटना उभी केली. ३२ वर्षांपूर्वी साउथबरो समितीपुढे सुरू झालेला प्रवास १९५१ च्या मतदार यादीपर्यंत आला. औरंगाबादच्या माणसाला पहिल्यांदा मत मिळाले ते याच निवडणुकीत.

पण स्वतः बाबासाहेब या निवडणुकीत हरले. सप्टेंबर १९५१ च्या अखेरीस हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला आणि जानेवारीत मतदान झाले. हाती जेमतेम तीन महिने. तब्येत खालावलेली. गावोगाव शाखा असलेली काँग्रेस समोर. फेडरेशनचा समाजवादी पक्षाशी समझोता होता आणि हत्ती हे चिन्ह होते.

तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह. मतदाराने कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. उत्तर मुंबईचा मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. म्हणून मते दोन. पण ती दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकायची. दोन्ही एकाच पेटीत टाकली तर एकच धरले जाई आणि दुसरे बाद होई.

म्हणजे १९३७ चा नियम आता उलटा झाला होता. सगळी मते बाबासाहेबांनाच, असे प्रेमाने म्हणणारा माणूस दोन्ही कागद हत्तीच्या पेटीत टाकून खुशीत घरी गेला असेल, तर त्याचे एक मत वाया गेले. या मतदारसंघात ७४ हजारांहून अधिक मते बाद झाली. बाबासाहेब नारायणराव काजरोळकरांकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले. बाद मते किती आणि फरक किती, हे ताडून पाहा. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निकालाविरुद्ध अर्ज केला, पण तो फेटाळला गेला.

सगळा दोष पेटीवर टाकून चालणार नाही. प्रेम होते, पण ते मतात कसे उतरवायचे याचे शिक्षण घरोघर पोहोचले नव्हते. संघटना विस्कळीत होती. लोकसभेत फेडरेशनचे दोनच खासदार गेले, सोलापूरचे पां. ना. राजभोज आणि करीमनगरचे एम. आर. कृष्णा. बाबासाहेब राज्यसभेवर गेले.

भंडारा : न वापरलेली युक्ती

१९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली. पुन्हा दोन जागा, पुन्हा दोन मते. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता होते. तेव्हाची एक हकिकत चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. काही कार्यकर्त्यांनी सुचवले की आपल्या माणसांनी दुसरे मत कोणालाच देऊ नये, मग बाबासाहेबांचे पारडे जड होईल. बाबासाहेबांनी ते मानले नाही. ज्याने घटना लिहिली त्यानेच लोकांना मत वाया घालवायला सांगायचे, हे त्यांना पटणारे नव्हते.

मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांहून अधिक मतांनी हरले.

भंडाऱ्याचा हा पराभव मला त्यांच्या कोणत्याही विजयाइतकाच मोठा वाटतो. मत म्हणजे काय, हे त्यांनी लोकांना आयुष्यभर शिकवले होते. एका जागेसाठी ती शिकवण मोडायची नाही, एवढे त्यांनी जपले.

शेवटची शाळा

हरल्यावर त्यांनी मतदाराला दोष दिला नाही. तयारी कुठे कमी पडली ते शोधले. जुलै १९५६ मध्ये मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्या तरुणांसाठी त्यांनी प्रशिक्षण शाळा सुरू करवली. कायदेमंडळ कसे चालते, भाषण कसे करायचे, अभ्यास कसा करायचा, हे शिकवणारी शाळा. विद्यार्थी थोडेच होते. १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण. शाळाही फार टिकली नाही.

त्यांच्यानंतर तीन-चार महिन्यांतच १९५७ ची निवडणूक आली. फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीबरोबर लढले. दादासाहेब गायकवाड नाशिकच्या सर्वसाधारण जागेवरून लोकसभेत गेले. मराठवाड्यातून नांदेडला हरिहरराव सोनुले निवडून आले. सर्व समाजांची मते मिळू शकतात, हे सिद्ध झाले. ते पाहायला बाबासाहेब नव्हते. ऑक्टोबर १९५७ मध्ये रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. पुढे त्याची किती शकले झाली, ते आपण सगळे जाणतो.

आपण मिलिंद व्हायचे

नागसेनवनातून जाताना त्या नावांचा अर्थ आठवावा. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन उत्तर देणारे भिक्खू. लोकशाहीत राजा म्हणजे मतदार. पुतळ्याला हार घालून वस्तीत आलेल्या उमेदवाराला मिलिंदासारखे प्रश्न विचारायला हवेत. वसतिगृहांचे काय? शिष्यवृत्ती वेळेवर का मिळत नाही? वस्तीला पाणी किती दिवसांनी येते? मागच्या वेळी दिलेल्या शब्दाचे काय झाले? उत्तर नसेल तर गाण्याच्या चालीवर भुलू नये, पाकिटाला हात लावू नये.

आणि आपल्या घरात आजी असेल, पहिल्यांदा मत देणारी लेक असेल, तर तिला शेजारी बसवून मतदान यंत्र कसे चालते ते समजावून सांगावे. मतदार यादीत नाव आहे का ते आजच पाहावे. एका मतदारसंघात ७४ हजार मते कशी हरवली, ते आपण पाहिले. पुन्हा एकही हरवू नये.

जयभीम! नमो बुद्धाय!