दार उघडणारे माणकजी

आपले वेवजी गाव महाराष्ट्राच्या अगदी टोकाला आहे. गावाची हद्द ओलांडली की गुजरात राज्य सुरू होते. तेथून जवळच संजाण आहे. शेकडो वर्षांपूर्वी इराणमधून आलेले पारशी लोक संजाणला उतरले आणि तेथील जादी राणा या राजाने त्यांना आसरा दिला, अशी जुनी हकीकत आहे. फारसी भाषेतील किस्सा-ए-संजाण या काव्यात ती सांगितली आहे. पुढे हे लोक व्यापारासाठी मुंबईला गेले आणि तेथे त्यांनी मोठे नाव कमावले. त्यांच्यापैकी माणकजी कर्सेटजी यांची ओळख आज आपण करून घेऊ.

माणकजींचा जन्म 1808 साली झाला. त्यांचे घराणे श्रॉफ, म्हणजे पेढीचा व्यवहार करणारे होते. माणकजी इंग्रजी उत्तम शिकले. वाचनाची त्यांना फार आवड होती. पुढे ते मुंबईच्या लघुवाद न्यायालयात न्यायाधीश झाले. पण हा मान मिळण्यापूर्वी त्यांना अनेक बंद दारांसमोर उभे राहावे लागले.

त्या काळी मुंबईवर ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य होते. विद्वान इंग्रजांनी तेथे एक संस्था काढली होती. आज तिला आपण एशियाटिक सोसायटी म्हणतो. तिच्याजवळ पुस्तकांचा मोठा साठा होता. परंतु तेथे फक्त युरोपियन लोकांना सभासद होता येत असे. माणकजींनी प्रयत्न केला, तेव्हा त्यांनाही नकार मिळाला. ते रागावून गप्प बसले नाहीत. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले. मग मुंबईच्या संस्थेलाही विचार बदलावा लागला. 1840 साली माणकजी तिचे पहिले भारतीय सभासद झाले.

याच सुमारास माणकजींना फ्रीमेसन मंडळींत जाण्याची इच्छा झाली. हे फ्रीमेसन कोण, असे तुम्ही विचाराल. मेसन म्हणजे दगडी बांधकाम करणारा गवंडी. जुन्या काळी युरोपात मोठमोठी प्रार्थनाघरे बांधणाऱ्या गवंड्यांचे संघ असत. पुढे गवंडी नसलेले लोकही अशा मंडळांत येऊ लागले. 1717 साली लंडनमध्ये चार मंडळे एकत्र आली आणि त्यांनी एक मोठी संस्था स्थापली. मंडळाला ते लॉज म्हणतात. भारतातील पहिले लॉज 1730 च्या सुमारास कलकत्त्यात निघाले.

हे लोक दगडाची इमारत बांधत नाहीत. चांगला माणूस घडवणे हेच आपले बांधकाम, असे ते मानतात. म्हणून त्यांनी गवंड्याची हत्यारे खूण म्हणून घेतली. गुण्या काटकोन दाखवतो. तसे आपले वागणे सरळ असावे. कर्कटक मर्यादेचे वर्तुळ आखते. तसा आपण आपल्या मनाला लगाम घालावा. ओळंबा, ज्याला आपण घरी साहुल म्हणतो, भिंत सरळ उभी आहे की नाही ते सांगतो. तसे माणसाने ताठ व खरे राहावे. पाणसळ सपाटी दाखवते; तशी सर्व माणसे एका पातळीवर आहेत. खडबडीत दगड म्हणजे अडाणी मन. ते घासूनपुसून नीट करायचे असते. सभासद होणाऱ्याने ईश्वरावर श्रद्धा ठेवावी, मग त्याचा धर्म कोणताही असो, असा त्यांचा नियम आहे. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायला बंदी असते. त्यांच्या काही खुणा व विधी गुप्त असतात. त्यामुळे पुष्कळ लोकांना त्यांच्याविषयी शंकाही वाटत आली आहे.

शिकवण तर अशी मोठी होती. पण वागणे तसे होते का? नव्या माणसाला घ्यायचे की नाही, हे लॉजमध्ये गुप्त मतदानाने ठरते. होकाराला पांढरी गोटी आणि नकाराला काळी गोटी टाकतात. भारतीय माणसाचे नाव आले की काळ्या गोट्या पडत. अर्काटच्या नवाबाचे पुत्र उमदत-उल-उमरा 1775 च्या सुमारास त्रिचनापल्लीला सभासद झाले होते. पण ते राजघराण्यातील होते. सामान्य भारतीयांसाठी दार बंदच होते. मुंबईच्या लॉजने माणकजींना घेतले नाही. पाणसळ भिंतीवर टांगलेली होती. माणसांना मात्र कोणी ती लावून पाहिली नाही.

माणकजी समुद्रमार्गे युरोपला गेले. इंग्लंडमध्येही त्यांची इच्छा पुरी झाली नाही. शेवटी पॅरिस शहरातील एका लॉजने त्यांना सभासद करून घेतले. ते फ्रीमेसन होऊन मुंबईला परतले.

इकडे मुंबईत डॉक्टर जेम्स बर्न्स नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ होते. पश्चिम भारतातील स्कॉटिश लॉजांचे ते प्रमुख होते. भारतीयांना बाहेर ठेवणे त्यांना पटत नव्हते. त्यांच्या पुढाकाराने 1843 च्या डिसेंबरमध्ये भारतीयांसाठी एक नवे लॉज निघाले. रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया, म्हणजे पश्चिम भारताचा उगवता तारा, असे त्याचे नाव होते. माणकजी त्याचे चिटणीस झाले. त्यात पारशी आले, तसेच मुसलमानही आले. हिंदूंना मात्र पुष्कळ वर्षे थांबावे लागले. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार दत्त यांना मोठ्या झगड्यानंतर 1872 साली प्रवेश मिळाला.

मित्रांनो, माणकजींची गोष्ट येथेच संपली असती, तर त्यांनी फक्त स्वतःचा मान मिळवला असे झाले असते. पण त्यांनी आपल्या आजूबाजूला पाहिले. लॉजमध्ये स्त्रियांना प्रवेश नव्हता. ते राहू द्या. त्या काळी बहुतेक मुलींना शाळेतही प्रवेश नव्हता. 1848 मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. मुंबईतही मुलींच्या काही शाळा निघाल्या होत्या. तरीही मुलींनी इंग्रजी शिकावे, हे लोकांना चमत्कारिक वाटे. माणकजींनी सुरुवात आपल्या घरापासून केली. त्यांनी स्वतःच्या मुलींना इंग्रजी शिकवले आणि त्यांना समाजात मोकळेपणाने वावरू दिले. लोकांनी नावे ठेवली. त्यांनी तिकडे लक्ष दिले नाही.

1863 साली त्यांच्या प्रयत्नाने मुंबईत मुलींसाठी एक इंग्रजी शाळा स्थापन झाली. त्या वर्षी इंग्लंडच्या युवराजाशी विवाह झालेल्या राजकन्या अलेक्झांड्रा यांचे नाव तिला दिले. ही शाळा एका जातीची किंवा धर्माची नव्हती. मुंबईच्या फोर्ट भागात, मोठ्या रेल्वे स्थानकापासून जवळच, ती आजही आहे. माणकजी 1887 साली वारले. तेथे शिकून गेलेल्या मुलींच्या कित्येक पिढ्या त्यांच्यानंतर झाल्या.

अपमान झाला म्हणजे माणूस दोन प्रकारे वागू शकतो. स्वतःला आत जागा मिळाली की मागे दार लावून घेणे, हा एक प्रकार. आपण ज्या उंबऱ्यावर थांबलो, तेथे दुसऱ्याला थांबावे लागू नये म्हणून दार उघडे धरणे, हा दुसरा. माणकजींनी दुसरा मार्ग घेतला. गुण्या आणि पाणसळ यांचा खरा अर्थ त्यांना कळला होता.

आता तुम्ही एक काम करा. तुमच्या वर्गात, खेळाच्या मैदानावर किंवा मोहल्ल्यात कोण बाहेर उभे आहे, ते पाहा. ते दार तुम्हाला उघडता येईल का?