लुई पाश्चर

मुलांनो, तुमच्यापैकी काहींच्या घरी कुत्रा असेल. नरखेड तालुक्यात संत्र्याच्या बागा पुष्कळ. बागेची राखण करायला कुत्रा उपयोगी पडतो. कुत्रा चावला तर माणसाने लस घ्यावी, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण ही लस माणसाच्या आधी कुत्र्यांना टोचली गेली होती, हे ठाऊक आहे का?

लस शोधणारे लुई पाश्चर २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील दोल या गावी जन्मले. वडील कातडी कमावण्याचा धंदा करीत. लुई आठ वर्षांचे असताना त्यांच्या भागात एक पिसाळलेला लांडगा आला व अनेकांना चावला. तेव्हा या रोगावर औषध नव्हते. लोहाराकडे लोखंड तापवून जखमेवर डाग देत.

पुढे पाश्चर मोठे शास्त्रज्ञ झाले. १८६८ मध्ये त्यांची डावी बाजू लुळी पडली, तरी काम थांबले नाही. पिसाळ रोगाचे म्हणजे रेबीजचे जंतू त्यांना सूक्ष्मदर्शकातून दिसेनात. मग त्यांनी वेगळी वाट धरली. या रोगाने मेलेल्या सशाच्या कण्यातील मज्जा ते बाटलीत, कोरड्या हवेत टांगून ठेवीत. दिवस जातील तसा तिच्यातील रोगाचा जोर कमी होई. सुमारे चौदा दिवस वाळलेली मज्जा त्यांनी प्रथम कुत्र्यांना टोचली. मग रोज थोडी अधिक ताजी. त्या कुत्र्यांना रोग होईना!

सगळ्या कुत्र्यांना लस टोचली, तर माणसांचीही काळजी मिटेल, हे पाश्चर यांनी ओळखले. पण देशात कुत्री लाखो. एकेकाला इतक्या वेळा कोण टोचणार? तो बेत त्यांना सोडावा लागला.

६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन त्याची आई पॅरिसला आली. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला जागोजागी चावे घेतले होते. पाश्चर स्वतः डॉक्टर नव्हते. मूल दगावले असते तर दोष त्यांच्यावरच आला असता. अखेर डॉक्टरांच्या हातून लस टोचली गेली. दहा-अकरा दिवसांत तेरा वेळा टोचले. जोसेफ वाचला. मोठेपणी तो पाश्चर यांच्याच संस्थेत द्वारपाल झाला.

२८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर वारले. २००८ पासून हा दिवस जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात.

पाश्चर यांना जे जमले नाही, ते आता सोपे झाले आहे. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याला पहिली लस टोचून घ्या. पुढची तारीख कार्डावर लिहून घ्या आणि दरवर्षी टोचून घ्या. एकदा टोचले म्हणजे जन्माची सोय झाली, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही; लसीचा जोर हळूहळू ओसरतो.

कुत्रा चावलाच, तर जखमेवर तिखट किंवा चुना लावू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवा आणि लगेच दवाखान्यात जा. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय चालत नाही. म्हणून कुत्रा घरचा असो, लस टोचलेला असो, डॉक्टरांना दाखवायचेच.