कुठल्याच सायकलीत न बसणारा टायर

जॉन बॉइड डनलॉप हा इंजिनिअर नव्हता, गुराढोरांचा डॉक्टर होता! हे वाचलं तेव्हा मला जरा अपमानच वाटला. आपण इथे चार वर्षं घासायची आणि टायर कोणी बनवला, तर घोड्यांना औषध पाजणाऱ्या माणसाने. असो.

डनलॉपचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० चा, स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावातला. एडिंबरात पशुवैद्यकीचं शिक्षण घेऊन तो आयर्लंडला गेला. आधी भावाबरोबर डाउनपॅट्रिकला दवाखाना, मग बेलफास्टमध्ये मे स्ट्रीटवर स्वतःचा मोठा व्याप. १८७१ साली लग्न झालं, एक मुलगी, एक मुलगा. धंदा जोरात चालला होता. सत्तेचाळिशीपर्यंत या माणसाने इतिहासात नाव जावं असं काहीही केलेलं नव्हतं.

१८८७ साली त्याच्या पोराकडे, जॉनीकडे, एक तीनचाकी सायकल होती. बेलफास्टचे रस्ते दगडी, चाकांना भरीव रबर. आपल्या जुन्या बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते ना, तिच्यापेक्षा थोडं मऊ एवढंच. पोरगं नुसतं हादरत असणार. डनलॉपला रबर हाताळायची सवय होती. त्याने लाकडाची एक गोल तबकडी घेतली, पातळ रबराच्या पत्र्याची नळी करून तिच्याभोवती बसवली, वरून कापड खिळ्यांनी ठोकलं आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग घरामागच्या अंगणात प्रयोग. तीनचाकीचं जुनं चाक आणि ही तबकडी, दोन्ही आळीपाळीने ढकलून सोडली. जुनं चाक थोडं जाऊन आडवं झालं. तबकडी अंगण ओलांडून गेटच्या खांबावर आपटली आणि उलटी उडाली!

हे असं का झालं, ते आपल्या लोकांना सांगायला हवं. भरीव चाकाखाली खडा आला की अख्खी गाडी त्या खड्यावर चढते आणि उतरते. दर खड्याला शक्ती वाया जाते. हवेचा टायर तो खडा पोटात घेतो, गाडी होती त्याच उंचीवरून पुढे जाते. म्हणजे आराम मिळाला आणि वेगही मिळाला. डनलॉप निघाला होता हादरे घालवायला, पण हाती लागला वेग. २३ जुलै १८८८ ला त्याने पेटंटसाठी अर्ज केला, ७ डिसेंबरला पेटंट मिळालंही.

आणि इथे खरी गंमत सुरू होते. हा टायर बाजारातल्या सायकलींना बसेना. भरीव रबराची पट्टी बोटभर रुंद, फोर्क आणि फ्रेम तिच्याच मापाने बनवलेली. हा नवा टायर कितीतरी जाड. चाक बदलायचं तर फोर्क बदला, फोर्क बदलायचा तर फ्रेम बदला. शेवटी बेलफास्टच्याच एडलिन कंपनीने या टायरसाठी वेगळ्या रुंदीच्या सायकली बनवायला घेतल्या.

मला हा भाग सगळ्यात जवळचा वाटतो, कारण ही भानगड आमच्या मेससमोर चालू होती. मेसच्या काकांच्या जुन्या ओम्नीचे टायर गुळगुळीत झाले होते. कंपनीचं माप १४५/८० आर १२. एका दुकानदाराने सुचवलं, १६५ टाका, गाडी दणकट दिसेल. हॉस्टेलची अर्धी पब्लिक लगेच १६५ च्या बाजूने. आम्ही जेवता जेवता ताटाशेजारी हिशोब मांडला. १४५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या ८० टक्के, १२ म्हणजे रिमचा व्यास इंचात. एकूण व्यास झाला ५३७ मि.मी. तोच १६५/८० घेतला तर ५६९. सहा टक्के जास्त! काट्यावर ६० दिसेल तेव्हा गाडी जवळपास ६४ ने पळत असणार, किलोमीटर कमी मोजले जाणार आणि चढावर इंजिन रडणार, कारण गिअर आपोआप उंच झाला. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आत घासण्याची भीती वेगळीच. १६५/७० घेतला तर व्यास येतो ५३६, म्हणजे काटा बरोबर राहतो. पण रिमची रुंदी त्याला पुरली पाहिजे आणि लोड रेटिंग मूळच्या खाली जाता कामा नये. काकांच्या गाडीत गॅसचे सिलेंडर आणि बटाट्याची पोती असतात, कॉलेजकुमार नाही.

जाड टायर म्हणजे जमिनीवर जास्त रबर, हाही एक गैरसमज. हवेचा दाब गुणिले टेकलेलं क्षेत्रफळ म्हणजे ढोबळमानाने चाकावरचं वजन. वजन तेच, दाब तोच, मग क्षेत्रफळही जवळपास तेच. ठसा आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो, एवढाच फरक. वर्कशॉपच्या सरांनी आमचा हिशोब तपासला आणि काकांनी निमूटपणे १४५ च टाकले.

तर परत बेलफास्टला. १८ मे १८८९. क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर सायकलींच्या शर्यती होत्या. विली ह्यूम नावाचा स्थानिक सायकलपटू डनलॉपचे गलेलठ्ठ टायर लावलेली सायकल घेऊन उतरला. लोक हसले. शर्यती सुरू झाल्यावर हसणं बंद झालं, कारण ह्यूमने चारही शर्यती जिंकल्या. हरलेल्यांत डब्लिनच्या हार्वी द्यू क्रोची मुलं होती. हा द्यू क्रो आयर्लंडच्या सायकल संघटनेचा अध्यक्ष आणि पक्का व्यापारी. पोरं हरली म्हणून रुसायचं सोडून त्याने त्याच वर्षी टायरची कंपनी उभी केली. डनलॉपने पेटंट कंपनीला दिलं, बदल्यात १,५०० शेअर घेतले.

आणि मग दणका बसला. रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने १८४५ सालीच हवेच्या टायरचं पेटंट घेतलं होतं! १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट पार्कात त्याने अशा चाकांची घोडागाडी पळवूनही दाखवली होती. तेव्हा सायकली नव्हत्या, टायर महाग पडला, लोक विसरले. थॉमसन १८७३ मध्ये वारला. डनलॉपला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, पण पेटंट बाद ते बादच. डोक्याने मला थॉमसन पुढचा वाटतो. पण जॉनीची सायकल त्याच्या नशिबात नव्हती.

कंपनी तरली ती द्यू क्रोमुळे. डनलॉपचा मूळ टायर रिमला चिकटवलेला असायचा, पंक्चर काढणं म्हणजे शिक्षाच. १८९० मध्ये वेल्चने कडेला तार घातलेला टायर आणि मध्ये खोलगट रिम यांचं पेटंट घेतलं, बार्टलेटने कडेने रिममध्ये अडकणाऱ्या टायरचं. द्यू क्रोने दोन्ही पदरात पाडून घेतली. आजही पंक्चरवाला टायरची एक बाजू रिमच्या खोलगट भागात दाबतो आणि दुसरी बाजू कडेवरून काढतो, ती वेल्चचीच करामत. १८९६ साली ही कंपनी ३० लाख पौंडांना विकली गेली.

डनलॉप त्याआधीच, १८९५ मध्ये, बाहेर पडला होता. नंतर डब्लिनमधल्या एका कापडाच्या दुकानाच्या धंद्यात त्याने लक्ष घातलं. टायरने त्याला फार मोठी संपत्ती दिली नाही. २३ ऑक्टोबर १९२१ ला, वयाच्या ८१ व्या वर्षी, तो डब्लिनमध्येच वारला. पुढे १९३६ मध्ये त्याच्या नावाच्या कंपनीने बंगालमधल्या साहागंजला कारखाना काढला आणि उत्तर आयर्लंडच्या नॉर्दर्न बँकेने आपल्या १० पौंडांच्या नोटेवर त्याचं दाढीवालं चित्र छापलं.