रफी अहमद किडवई

मुंबईत शिवडी-वडाळ्याच्या बाजूने जाणाऱ्या एका मोठ्या रस्त्याला रफी अहमद किडवई मार्ग असे नाव आहे. उर्दूत आपण हे आडनाव किदवाई असे लिहितो. त्या रस्त्याने रोज हजारो माणसे जातात; पण हे किडवई कोण होते, असे विचारले तर फार थोडे लोक उत्तर देतील.

रफीसाहेबांचा जन्म १८ फेब्रुवारी १८९४ रोजी उत्तर प्रदेशातील बाराबंकी जिल्ह्यात, मसौली या गावी झाला. घराणे जमीनदाराचे. अलीगढच्या कॉलेजातून ते पदवीधर झाले आणि कायद्याचा अभ्यास करू लागले. इतक्यात खिलाफत व असहकार यांची चळवळ सुरू झाली. रफीसाहेबांनी अभ्यास सोडला आणि तुरुंगाची वाट धरली. सुटून आल्यावर ते अलाहाबादला मोतीलाल नेहरूंचे खासगी चिटणीस झाले. भाषणे करण्यापेक्षा माणसे जोडण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. १९२६ साली ते मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून आले.

त्या काळी अवध प्रांतातील कुळांची स्थिती वाईट होती. जमीन कसणारा एक आणि मालक दुसरा. शेत आपल्याकडे राहावे म्हणून कुळाला जमीनदाराला नजराणा द्यावा लागे. वेठबिगार करावी लागे, ती वेगळीच. नजराणा, बेदखल, रयत हे शब्द तुम्हांला उर्दूतूनही ओळखीचे आहेत. पण ज्यांच्यावर ते ओढवत, त्यांना त्यांचा अर्थ वेगळाच ठाऊक होता. १९३७ साली गोविंद वल्लभ पंत यांच्या मंत्रिमंडळात रफीसाहेब महसूलमंत्री झाले. त्यांच्या प्रयत्नांतून १९३९ चा कुळकायदा आला. कुळाला वारसाहक्क मिळाला; नजराणा आणि वेठ यांना बंदी झाली. जमीनदाराच्या घरात जन्मलेल्या माणसाने हे केले, हे विसरून चालणार नाही.

स्वातंत्र्य आले ते फाळणीचे दुःख घेऊन. ऑक्टोबर १९४७ मध्ये रफीसाहेबांचे बंधू शफी अहमद किडवई यांची मसुरी येथे दंगलीत हत्या झाली. ते तेथील नगरपालिकेचा कारभार पाहत होते. रफीसाहेब तेव्हा केंद्रात दळणवळणमंत्री होते. एवढा घाव बसूनही त्यांनी आपले काम सोडले नाही.

टपालाची व्यवस्था त्यांनी कशी बदलली ते पाहण्यासारखे आहे. आगगाडीने पत्र पोहोचायला दिवसच्या दिवस लागत. रफीसाहेबांनी १९४९ च्या जानेवारीत रात्रीची विमानडाक सुरू केली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री विमाने निघत. चारही विमाने आपल्या नागपूरला एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परतत. नकाशा उघडून बघा, म्हणजे नागपूरच का निवडले ते कळेल. या योजनेला विरोधही झाला. रात्री विमाने उतरवण्याच्या सोयी देशात पुरेशा नाहीत, असे जे. आर. डी. टाटांसारख्या जाणकाराचे मत होते. आक्षेप पोकळ नव्हता. तरी रफीसाहेब मागे हटले नाहीत. पुढे साध्या टपालालाही जादा आकार न घेता विमानाचा लाभ मिळू लागला.

१९५१ साली मतभेदांमुळे ते काही काळ काँग्रेसबाहेर गेले आणि परतही आले. १९५२ च्या निवडणुकीनंतर पंडित नेहरूंनी त्यांच्याकडे अन्न व शेती खाते सोपवले. हे खाते म्हणजे काट्यांचे आसन. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळात लाखो माणसे मेली होती. तेव्हापासून देशात रेशनिंग होते. १९५१ च्या सुरुवातीला तर माणशी रोजचे धान्य १२ औंसांवरून ९ औंसांवर आणावे लागले. ९ औंस म्हणजे सुमारे २५५ ग्रॅम. कष्ट करणाऱ्या माणसाला ते कसे पुरणार? त्याच वर्षी अमेरिकेकडून गव्हासाठी कर्ज घ्यावे लागले.

सरकार शेतकऱ्याकडून ठरावीक भावाने सक्तीने धान्य घेई. त्यामुळे शेतकरी धान्य लपवी, व्यापारी साठा करी आणि काळा बाजार फोफावे. एका प्रांतातले धान्य दुसऱ्या प्रांतात नेण्यासही बंदी होती. टंचाई खरी किती आणि भीतीपोटी निर्माण झालेली किती, हा रफीसाहेबांचा प्रश्न होता. नियंत्रणे उठवावीत, असे त्यांचे मत झाले. पण १९४७ च्या अखेरीस नियंत्रणे सैल केली होती, तेव्हा भाव भडकले होते आणि पुन्हा बंधने आणावी लागली होती. त्यामुळे अनेक अधिकारी घाबरत होते. खुद्द नेहरूंनाही शंका होती. चूक झाली असती तर तिची किंमत गरिबांनी भुकेने मोजली असती.

जून १९५२ मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री राजाजी यांनी रेशनिंग उठवले. रफीसाहेबांनी त्यांना पाठिंबा दिला. मग एकेक प्रांत, एकेक धान्य असे करत त्यांनी बंधने सोडवली. मात्र सरकारी कोठारे त्यांनी रिकामी होऊ दिली नाहीत. हाताशी साठा असला की भाव चढल्यास तो बाजारात आणता येतो आणि साठेबाजाचे धाडस खचते. दुसरीकडे भातशेतीच्या जपानी पद्धतीचा प्रसार सुरू झाला. बी कमी, रोपे ओळीत आणि खत भरपूर, अशी ती पद्धत. बोरिवलीच्या कोरा केंद्रात तिचे प्रयोग झाले होते. १९५४ च्या जुलैत तांदळावरील नियंत्रणही गेले.

१९५०-५१ मध्ये देशात सुमारे ५ कोटी टन धान्य पिकले होते. १९५३-५४ मध्ये ते ७ कोटी टनांच्या जवळ गेले. याचे सारे श्रेय मंत्र्यांना देणे बरोबर नाही, कारण पाऊसही चांगला झाला होता. पण पाऊस चांगला असताना हिंमत करणारा माणूस खुर्चीवर असणे, हेही काही थोडे नव्हते. काही वर्षांनी भाव पुन्हा चढले. १९५६ मध्ये अमेरिकेशी धान्याचा नवा करार झाला आणि स्वस्त धान्याची दुकाने वाढवावी लागली. ते पाहायला रफीसाहेब नव्हते.

त्यांना दम्याचा जुना विकार होता. २४ ऑक्टोबर १९५४ रोजी दिल्लीत एका सभेत बोलत असताना त्यांना झटका आला आणि त्यातच त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन मसौलीला झाले. जो मदत मागायला येई त्याला हातात असेल ते देऊन टाकण्याची त्यांची सवय होती. त्यामुळे मागे उरले ते थोडे कर्ज आणि गावातले पडके घर.